चंद्रव्वाचा डोस

(सोलापूर, १९३१. भवानी पेठेतला डॉक्टर नारायणरावांचा दवाखाना. मंद्रूपची मायाक्का, तिचा नवरा धुळा, आणि बाकावर भिंतीला टेकलेली त्यांची दहा वर्षांची चंद्रव्वा.)

मायाक्का : ती बाटली नगा दाखवू मला. पोरीकडं बघा!

डॉक्टर : बाई, आवाज खाली. बाहेर माणसं बसलीत.

मायाक्का : बसू द्या की! त्यांनी बी ऐकावं. माज्या चंद्रीची माती केलीसा तुमी.

धुळा : चंद्रीच्या आये, गप. डाक्टर हायती ते.

मायाक्का : तुमी तर बोलूच नगा. दर मंगळवारी बाजाराला एकलं यायचं आन बाटली घेऊन जायचं. पोरीला परत कदी आणलीसा हितं?

डॉक्टर : पहिल्या खेपेला आणली होती. मी स्वतः तपासली. पंधरा दिवस नुसती रडते, भाकरीला शिवत नाही. मग पंधरा दिवस झोप नाही, गाते, पळते. हेच सांगितलंस ना, धुळा?

धुळा : व्हय. आडाच्या काठावर चढून नाचत हुती. माजा जीवच ऱ्हायला न्हाय.

डॉक्टर : म्हणून डोकं शांत करणारं ब्रोमाइड दिलं. बाटलीला चिकटवलेल्या कागदावरची एक खूण सकाळी, एक संध्याकाळी.

मायाक्का : आन आता तीन तीन खुणा. त्या का?

डॉक्टर : हा येऊन सांगायचा, गुण नाही म्हणून.

मायाक्का : गुण न्हाय? म्हैना झाला, ती हसली न्हाय का रडली न्हाय. पन्नास कोकरं नावानं वळखणारी पोर, परवा माज्याकडं बघून म्हनली, तू कोन? चालताना भिताडाला धडकतीया. तोंडभर ह्या पुटकुळ्या.

डॉक्टर : धुळा, यातलं एक अक्षर तू बोलला नाहीस.

मायाक्का : सांगा की आता!

धुळा : ती निजली की मला बी डोळा लागायचा. आडाकडं पळत न्हाय, म्हंजे बरीच हाय की, असं वाटायचं. आजून जरा वाढवलं तर ह्या दुखण्यातनं कायमची सुटंल. म्हनून सांगत गेलो, गुण न्हाय.

डॉक्टर : खोटं बोललास! तुझ्या शब्दावर मी डोस वाढवला!

मायाक्का : ह्येंच्या शब्दावर? मेंढीला औषध पाजायचं म्हनलं तरी माजा सासरा आदी तिचं डोळं बघायचा. तुमी एवढं शिकल्यालं, पोर न बघता वाढवलंसा?

डॉक्टर : ...दोनदा.

मायाक्का : मग ह्येंच्यावर कशाला वरडता?

डॉक्टर : तिला इकडं आणा. चंद्रव्वा, जीभ दाखव. माझं बोट धर. घट्ट. अजून घट्ट. ...बाई, ही खाते काय?

मायाक्का : दूध-भाकरी. अळणी.

डॉक्टर : अळणी? मीठ अजिबात नाही?

मायाक्का : देवाला बोललीया मी. पोर बरी हुईस्तवर तिच्या तोंडात मीठ जानार न्हाय. दोन म्हैनं झालं.

डॉक्टर : अहो, मीठ बंद केलं की हे औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही. साठत जातं.

मायाक्का : मग आदी का न्हाय सांगितलंसा? खुणांचा कागूद चिकटवलासा, तवाच सांगायचं की!

डॉक्टर : मी विचारलंच नाही. चूक माझी.

मायाक्का : तुमची, ह्येंची... आन मीठ तर मीच बंद केलं.

डॉक्टर : ते राहू दे आता. आजपासून औषध बंद. मीठ घालून ताक, भाकरी, आणि भरपूर पाणी. आठ दिवस सोलापुरातच राहा, मी रोज बघणार. चांगली सावध झाली की लागलं तर अर्ध्या खुणेपासून सुरू करू.

मायाक्का : परत त्येच इख?

डॉक्टर : ती परत आडावर चढली तर? पण आता तिला बघितल्याशिवाय थेंब वाढवणार नाही. थोडी रडली, थोडी हसली, तर तेवढं राहू द्यायचं.

धुळा : उद्या मेंढरं हलायची हायती...

मायाक्का : तुमी जावा मेंढरांमागं. हितनं म्होरं पोरीचं काय बी सांगायचं ते मी सांगीन.

धुळा : मेंढरं माजा भाऊ सिदू नेईल. मी बी ऱ्हातो.

मायाक्का : ऱ्हावा. बाटलीला हात लावायचा न्हाय.

डॉक्टर : हे मिठाचं पाणी. आत्ताच द्यायला हवं. मी पाजू?

मायाक्का : आना हिकडं. देवाला बोलली मी, मोडीन बी मीच. ...चंद्रे, आ कर.

चंद्रव्वा : खारट हाय.

मायाक्का : व्हय, बाय. पी समदं.