मागच्या घळीचं पाणी

हॅलो?… हॅलो, कोण?… गोदूताई, तू? अंबाडीच्या पोस्टातून बोलतेस?… थांब, इथं चाचांच्या कारखान्यात कापडाचे लूम चालू हायत, काही ऐकू येत न्हाय. नूरचाचा, जरा दरवाजा लगा दो ना… हां, शुक्रिया. बोल आता.

…हो, हो, जीप आमच्याच पाटबंधारे ऑफिसची. टोपीवाले ते आमचे केसरीनाथ साहेब. …अगं ऐक ना, मीच येणार होते सांगायला. बंधारा होतोय. आपल्या गावाला.

…हो गं, तोच, साहेबांनी नाकारलेला. ओढ्याला पाणीच कमी येतं, बांधून उपयोग न्हाय, म्हणायचे ना? तेच चुकीचं निघालं.

…मीच शोधलं. म्हणजे, मुंबईच्या कॉम्प्युटरवर. …कॉम्प्युटर. हिशेब करणारं मशिन, आपल्या ओटीएवढं मोठं. …हसू नकोस, ऐक. नकाशावर मी बारीक चौकोन आखले. एकेका चौकोनाची उंची कार्डावर टाकली. मशिन काय करतं, प्रत्येक चौकोनाच्या शेजारी बघतं, सगळ्यांत खाली कोण, पाणी तिकडं जाणार. असं करत करत खालपर्यंत. आणि ज्याचं पाणी आपल्या ओढ्याला मिळतं, तिथं फुली छापतं.

…हो, एवढंच. पण कागद बाहेर यायला लागला ना ताई, फुल्या थांबेनातच. डोंगराच्या मागं पण फुल्या. …बरोबर, मागची घळ. तिचं पाणी पलीकडं जातं, असंच समजत होतो ना आपण सगळे? न्हाय जात. रानात आत वळतं आणि आपल्याकडं येतं. मी तिथं मशिनसमोर उभ्या उभ्या रडले. लोक बघत होते.

…साहेबांना तरी कुठं पटत होतं. म्हणून तर काल जीप काढली, स्वतः घळीत उतरले. पाण्यानं ओढून आणलेले गोटे सगळे आपल्याच बाजूला पडलेत, म्हणाले. …वैशाखात पण पाणी राहील, ताई. हंडे घेऊन नदीपर्यंत जायला नको तुला.

…काय?… चुना?… हो. आपल्या भाताच्या खाचरात चुन्यानं खुणा केल्यात, बांधासाठी. ठाऊक हाय मला.

…तेच सांगणार होते. घळ आणि ओढा जिथं एक होतात, त्याच्या खालीच बांध घालावा लागतो. तिथं आपलं खाचर हाय. ते पाण्याखाली जाणार.

…न्हाय, वर न्हाय सरकवता येत. …बरं, येतो सरकवता. पण मग घळ बाहेर राहते, तिचं पाणी मिळत न्हाय. आणि आपलं वाचवून वरच्या अंगाच्या काळूरामचं शेत बुडवायचं का?… मशिनला काय ठाऊक कोणाचं शेत ते. …मला ठाऊक होतं, हो. कागद बघितल्या बघितल्या कळलं.

…असं बोलू नकोस ताई. ते खाचर करायला बाबांनी कातळ फोडला तेव्हा टोपल्या मी पण उचलल्यात. …देतील बदली जमीन. तसलं खाचर न्हाय मिळणार, मान्य हाय.

…आई हाय तिथं? सगळं ऐकलं तिनं?… दे तिला.

आई, मी तुळजा. …हो. …हो, तेच खाचर. …न्हाय, दुसरी जागा न्हाय. खूप बघितलं मी.

…काय?… या वर्षीची लावणी?… कर ना. कर. काम दिवाळीनंतर निघेल, भात घरात आल्यावर. …कोलमच लाव. बाबा लावायचे तोच.

…मी येते. रजा काढून येते लावणीला. …हो आई, शेवटचीच. म्हणून तर येते. …हॅलो?… आई?… हॅलो…