नवव्या ओळीतला ठोका

हॅलो?… हो, आजीच. दुसरं कोण उचलणार?… अगं, हळू बोल चिमणे. रडतेस का?… निबंध? तो संध्याकाळी द्यायचाय ना?… आजोबांच्या वहीवरून लिहिलास, मग बिघडलं काय?

हो, तीच ती इंग्रजी कविता. चौदा ओळी. ओळीत पाच ठोके. एक अक्षर हलकं, एक जड… मला कुठलं आलंय इंग्रजी! हे टेबलावर बोटांनी वाजवायचे, मी शर्टाची बटणं लावत ऐकायची. यमक एकाआड एक, आणि शेवटच्या दोन ओळी मात्र जोडीनं. दाराच्या दोन फळ्या मिटाव्यात तशा…

हो, हो… अगं ऐक ना. नवव्या ओळीत चारच ठोके. तिथे कवी श्वास घेतो. मीच नाही का सांगितलं तुला? हे तिथे थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मग पुढे…

काय?… छापील पुस्तकात पाच आहेत?… एक शब्द जास्त?…

… आहे गं, आहे फोनवर.

अगं, ती वही माझ्या हातची. पुस्तक वाचनालयाचं, दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि हे तापानं फणफणलेले. म्हटलं, मी उतरवते. एकेक अक्षर चित्र काढावं तसं काढलं. मधेच तुझा बाबा पाळण्यात रडला. त्याला थोपटून आले आणि… तिथेच गाळला असणार. पन्नास वर्षं गं! आणि हे एका शब्दानं बोलले नाहीत.

तू काय करणार म्हणजे? निबंधातला तो श्वास खोडून टाक. पाच ठोके लिही. बाईंना सांग, आजीनं घोळ घातला… हो, तीन तास पुष्कळ झाले.

काय?… वहीच्या समासात? पेन्सिलीनं?… उजेडात धर. वाच…

पुन्हा वाच…

‘हिच्या हातचं आहे. शब्द भरू नये.’

… नाही गं. रडत कुठे आहे?

एक कर. निबंधात पाचच ठोके. मला मात्र वहीतली ओळ वाचून दाखव… हं… हं… आता थांब… अगं, इतक्यात नको! हे एवढ्यात पुढे जात नसत…

…

हं… नको, पुढचं राहू दे. तू जा, लिहायला बस. ठेव फोन.

मी जरा इथेच थांबते.