सोळा सोमवार आणि विमानाचा वारा

माझ्या सोळा सोमवारांची गंमत सांगते. आमची लेक सुमेधा बंगळुरूला एआयकडून विमानाचे असे पंख शोधून घेते, की त्यांच्याजवळचा वारा खवळत नाही. ते काम संपेपर्यंत तिला घरी येता येईना. म्हणून सोळा सोमवार धरले आणि महादेवाला म्हटलं, वारा शांत कर.

साल दुष्काळाचं. टँकरच्या रांगेत शेजारच्या नसीमबाजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, वाराच थांबला तर ढग कोण आणणार? आपल्या सगळ्या बजाजनगरला तहानलेलं ठेवता काय?"

घाबरून सुमेधाला फोन केला. ती हसली. "आई, फक्त पंखाला लागून वाहणारा वारा गं."

लगेच देवळात जाऊन महादेवाला समजावलं, "पंखापुरताच शांत कर, ढगांच्या वाऱ्याला हात लावू नको." मग पायरीवरून परत वळले आणि म्हटलं, "काम राहिलं तरी राहू दे, पोरीला आधी घरी पाठव."