सोयाबीनच्या दोन डब्या

तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. दोघींचे रिपोर्ट थोरलीच्या हातात होते.

"तुझ्यात ते सापडलं. माझ्यात नाही."

"काय सापडलं, जाऊबाई?"

"अगं, सोयाबीनच्या गोळीतलं औषध आहे तसं फारसं लागू पडत नाही म्हणे. आतड्यातले जंतू आधी त्याला चिकटलेली साखर सोडवतात. मग काही खास जंतू त्यातून दुसरंच औषध घडवतात, तेच तुझ्यात सापडलं. ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात."

"अगबाई! म्हणजे पाळी गेल्यापासूनची माझ्या अंगाची लाही थांबली, ती त्यांच्यामुळे?"

"मग काय! आणि माझी गोळी आत हिंडून-फिरून दुसऱ्या दिवशी लघवीवाटे बाहेर."

"वीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात जेवतोय आपण!"

"तेच तर! इतके जीव आपल्यात राबतात आणि आपल्याला पत्ता नाही... एक सांगू? रागावू नकोस. मला वाटलं, भाऊजींनी तुला चांगली डबी आणली आणि मला कसलीतरी. म्हणून महिनाभर मी डब्या बदलून ठेवल्या."

"माहीत होतं मला. माझ्या डबीचं झाकण तडकलेलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, माझ्या गोळीनं तरी तुम्हाला झोप लागेल."

थोरलीनं दोन्ही रिपोर्ट एकावर एक ठेवून पिशवीत सरकवले.

"जाऊबाई, हे जंतू उसने देता येतात का, विचारू या?"

"तू तेही देशील गं बाई."