कापायला फुकट

…आणि वर ती काउंटरवरची पोरगी मलाच विचारते, "सर, पैकेज समझ में आया?" अहो, काय समजायचं? भिंतीवर हातभर पाटी, 'नसबंदी खुलवाइए, पचपन हज़ार', आणि माझ्या हातात कागद दिला त्यावर एक लाख पंचाहत्तर! मी म्हटलं, बाई, हे वरचे कोणाचे? तर म्हणते, "पचपन तो सिर्फ सर्जन साहब के हैं, सर." म्हणजे बाकीचं मी काय माझं माझं करून घ्यायचं? तुम्हाला सांगतो, कापायला फुकट आणि जोडायला पावणेदोन लाख, हा कुठला न्याय?

आणि फुकट म्हणजे अगदी फुकट हं. सतरा वर्षांपूर्वी मुरारला नसबंदीचं सरकारी शिबिर होतं, आत गेलो, बाहेर आलो, पंधरा मिनिटं, दोन केळी, एक बिस्किटाचा पुडा, शिवाय खात्यात वरून पैसे. आता तुम्ही म्हणाल, दौलतसिंह, ऐन तिशीत असं काय अडलं होतं? सांगतो. हसायचं नाही. बंदूक.

हो, बंदूक. आम्ही फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले मराठे, दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायलाच पाहिजे, आणि आमच्या पाटावर काय, तर गंजलेला अडकित्ता आणि भाजीची सुरी. तिकडे आमचे काका, विश्वासराव, त्यांच्या पाटावर दुनळी. दर दसऱ्याला येऊन आमच्या पाटाकडे बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'ने मला जेवण जायचं नाही. लायसन्सचा अर्ज चार वर्षं धूळ खात पडलेला… तर एक बाबू भेटला, त्यांना वरून नसबंदीचे आकडे भरायचे होते, कानात म्हणाला, "भाईसाहब, नसबंदी का सर्टिफिकेट लगा दो, फाइल दौड़ेगी." दोन मुलं झालेलीच होती, माझी पहिली बायको शालिनी, तिलाही पटलं, मी धावलो. फाइलही धावली. एकनळी घरी आली, बैठकीत खिळा ठोकून टांगली, आणि सतरा वर्षांत तिने एक चिमणीसुद्धा मारली नाही.

मग शालिनी करोनात गेली. मुलं इंदूरला नोकरीला. दर्पण कॉलनीतल्या तीन खोल्यांत मी आणि बंदूक. दोन वर्षांपूर्वी प्रांजली भेटली, शाळेत शिकवते, छत्तीस वर्षांची, आणि लग्नाआधी तिने एकच गोष्ट विचारली. "मला एक मूल हवंय. होईल ना?" मी छाती काढून म्हटलं, त्यात काय, उघडून घेऊ. उघडून घेऊ म्हणे… जसं काही बरणीचं झाकण!

तर डॉक्टरकडे गेलो. "सत्रह साल? हं…" थेट विश्वासरावांचा 'हं', त्याच सुरात! म्हणे केसाहून बारीक दोरा, दुर्बिणीखाली टाके, तीन तास. बरं, घाला बाबा. तर दुर्बिणीचं भाडं वेगळं. मी म्हटलं, घरून चष्मा आणतो. भुलीचं औषध वेगळं, भूल देणारा वेगळा, खोली वेगळी, आधीच्या तपासण्या वेगळ्या, तीन महिन्यांनी जमलं का ते बघायचं, तेही वेगळं. और गारंटी? "गारंटी कोई नहीं देता, आधे से कम चांस समझिए." अहो, आमचा नळवालासुद्धा पाणी आल्यावर पैसे मागतो! इन्शुरन्सवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "सर, कटवाई तो अपनी मर्ज़ी से थी ना?" आता ह्याला काय सांगू, काकांच्या 'हं'ची गोष्ट? कापायला फुकट, जोडायला पावणेदोन लाख, आणि बोलायची सोय नाही.

घरी येऊन मी जो तोंडाचा पट्टा सोडला, लुटारू आहेत, एक दमडी देणार नाही, कोर्टात खेचतो… प्रांजली वह्या तपासत बसली होती. पण तीच एक वही, तेच पान, पाऊण तास उघडं. मला लाज वाटली, खरंच सांगतो. तिला शब्द मी दिला होता, डॉक्टरने नाही.

एफडी मोडली. तरी वीस हजार कमी पडले. मग बंदूक उतरवली आणि दुकानात नेली. दुकानदाराने नळीत फुंकर मारली, पलीकडून कोळ्याचं जाळं बाहेर आलं. "बाईस दूँगा." मी म्हटलं, अरे, हिच्यासाठी मी काय देऊन बसलोय, तुला माहितीय? तर म्हणतो, "बिल है?"

परवा दसरा झाला. ऑपरेशन येत्या मंगळवारी. विश्वासराव सोनं द्यायला आले, नजर सवयीने भिंतीकडे, तर बंदुकीच्या खिळ्यावर दवाखान्याची फाइल. प्रांजलीने टांगलेली, हरवू नये म्हणून. पूजेला तिने ती उतरवली, अडकित्त्याशेजारी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, वाका." काका म्हणाले, "हं."

वाकलो. काय करता… आमच्या पाटावर इतकं महागडं शस्त्र कधी आलंच नव्हतं.