शनिवारचं उरलेलं तेल

…तर मला एवढंच सांगा बायांनो, तेल बदलल्यावर गाडीचा आवाज जायला पाहिजे का यायला पाहिजे? आधी कशी आपली घर्र-घर्र चालायची बिचारी, ती घर्र-घर्र तिची जन्माचीच, डिझेलची गाडी, उज्वला शाळेत होती तवापासूनची, त्या आवाजावर तर मी भात लावायचे, की हे कोपऱ्यावर आले म्हणून! अन नवं तेल घालून पहिल्याच लांबच्या वाटेला निघालो तर टक-टक-टक-टक… जसं काही बोनेटात बसून कुणी शेंगदाणे कुटून राहिलंय! पण तुम्हाला सांगते, मी आपली शांत. म्हणलं, आवाजच तेवढा येऊन राहिला, बाकी गाडी लाखात एक!

आता तेल बदललं कशाला? तर उज्वलाला आणायचं होतं मुरुडहून, आपल्या नांदेडला. पहिलटकरीण लेक, सातवा सरत आलेला, अन आठव्यात आपल्यात बाई गावाची शीव ओलांडत न्हाई. तिची सासू, धुरपताबाई, माणूस चांगलं हो, पण महिनाभर आज अमावस्या, उद्या पाव्हणे, परवा कंबर… अन शेवटी फोनवर काय म्हणाल्या? "सोमवारी दिवस मावळायच्या आत आलात तर न्या. मंगळवारी आठवा लागतो. मग बाळंतपण इथंच." इथंच! अन माझे डिंकाचे लाडू कुणी खायचे? शेक-शेगडी कुणी करायची? पहिलं लेकरू आजोळी न्हाई होणार तर काय परमुलखात होणार?

म्हणून ह्यांनी शनिवारी गाडी जिलानीभाईच्या गॅरेजला घातली, मीबी संगं. मी आधीच म्हणलं होतं, "अहो, शनिवारी तेल विकत घेत न्हाईत." तर ह्यांनी डबा शुक्रवारीच आणून ठेवला, माझा शब्द मोडत न्हाईत ते, फक्त तोंड वाकडं करतात. जिलानीभाईनं जुनं काढलं, नवं घातलं, अन नमाजला निघताना म्हणाला, "भाभी, थोडा तेल बचा है डब्बे में. घर ले जाओ, काम आयेगा."

घरी? शनिवारी? तेल?

मी ह्यांना म्हणलं, "शनिवारी तेल उंबऱ्याच्या आत न्यायचं म्हणजे साडेसातीला डब्यात बसवून घरी न्यायचं!" हे म्हणाले, "मग काय गटारात ओतू? काय भाव हाय म्हाईत हाय का?" म्हणलं, "गटारात कशाला? गाडीचं तेल, गाडीच्या पोटात घाला! समई कशी आपण काठोकाठ भरतो? देवाचं अर्धं ठेवू न्हाई, अन गाडीचं ठेवावं?" पटलं की ह्यांना! डबा उपडा धरून, शेवटच्या थेंबापर्यंत, पंगतीत जावयाला तूप वाढावं तसं आग्रह करकरून ओतलं. मी वरून हळदीकुंकू वाहिलं. रविवारी गाडी दारात उभी, अन सोमवारी सकाळी माझा उपास, हातात जपमाळ, निघालो.

गाव सोडून विष्णुपुरी यायच्या आत सुरू! टक-टक-टक…

ह्यांनी गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं. अन तुम्हाला सांगते, रस्त्यात बोनेट उघडायचं म्हणजे घरात आजारी माणूस झोपवल्यावानी असतं, जो येतो तो औषध सांगतो! एक मोटारसायकलवाला थांबला. कान लावला. "काका, इंजिन गेलं." गेलं म्हणजे? कुठं गेलं? समोर तर हाय! दुसरा दुधाचे कॅन घेऊन चाललेला, तो म्हणतो, "इंजिन न्हाई हो, पट्टा हाय पट्टा, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा असाच वाजायचा." म्हणलं, मग काय केलं? तर म्हणे, "विकली." तिसऱ्यानं तर हात लावला न्हाई का कान लावला न्हाई, नुसता लांबून मान हलवून गेला, डॉक्टर हलवतात तशी… ह्यांचा चेहरा एवढा एवढासा! जिलानीभाईला फोन लावला तर उचलेना. मी म्हणलं, "चला हो, दिवस कलायच्या आत पोचायचंय. आवाजच तेवढा येऊन राहिला, बाकी गाडी लाखात एक!"

तेवढ्यात कुणाचा फोन यावा? विहीणबाईचा! "निघालात का? अन ते काय वाजून राहिलं?"

आता काय सांगावं? माझ्या तोंडातून गेलं, "टाळ, विहीणबाई. गाडीत भजन लावलंय."

सोमवारच्या उपासाला खोटं! लगेच कान धरले, म्हणलं महादेवा, एक बेलाचा लक्ष वाहीन. पण त्या कुठल्या ऐकतात? "भजनात टाळच? मृदंग न्हाई? हे बघा, ती तुमची गाडी खडखड करत दारात आली तर पोटुशी बाई मी तिच्यात बसवायची न्हाई. स्पष्ट सांगते." अन फोन ठेवला!

म्हणजे आता नुसतं पोचून भागायचं न्हाई, गुपचूप पोचायचं!

मग काय, सारा रस्ता मी नवसच बोलत गेले. माळेगावच्या खंडोबाला बेल-भंडार. वाटेतल्या मारुतीला रुईची माळ. प्रत्येक नवसाला आवाज जरा कमी झाल्यागत वाटायचा, मी ह्यांना म्हणायचे, "झाला न्हाई का हो कमी?" अन हे म्हणायचे, "उतार हाय." चढ आला की पुन्हा टक-टक-टक! हे स्टेअरिंगला म्हणून राहिले, "अगं बाई, लेकीसाठी तरी गप." माझ्या पोटात उपासानं न्हाई, त्या बोलण्यानं तुटलं हो.

अहमदपूरला जिलानीभाईचा फोन आला. "भाभी, फोन इंजन के पास पकडो." पकडला. त्यानं ऐकलं, अन म्हणतो, "वो बचा हुआ डब्बा घर में रखे ना?"

म्हणलं, "न्हाई."

"फिर कहां गया तेल?"

हे माझ्याकडं बघतात, मी ह्यांच्याकडं. मी म्हणलं, "भाऊ, गाडीतच हाय. शनिवार होता ना."

"पूरा?!" असा ओरडला की फोन हातातून पडता पडता राहिला! "गाडी बंद करो! अब्बीच बंद करो! कमसे कम थंडी होने दो, और जास्तीका तेल निकालो!"

कोपऱ्यावरच वीरण्णाचं गॅरेज. त्यानं तेल मोजायची पट्टी ओढून काढली, अन तेल खुणेच्या केवढं तरी वर! अन दिसायला कसं? फेसाळलेलं, ताकासारखं! तवा मला कळलं बघा. डेरा गळ्यापर्यंत भरला अन रवी घुसळली तर काय होईल? फेसच होणार! अन फेसावर का इंजिन चालतंय? ते बिचारं आत कोरडं-कोरडं ठोके देऊन राहिलं होतं. वीरण्णानं खालचा नट सैल करून जास्तीचं काढलं, गाडी चालू केली… थोडं टक, टक… अन मग गप! नुसती घर्र-घर्र, माझी ओळखीची! मी तिथंच बोनेटाला हात जोडले. वीरण्णा म्हणाला, "आक्का, देवाला काठोकाठ घाला. हिला खुणेपर्यंतच."

मुरुडला पोचलो तवा ऊन होतं अजून. धुरपताबाई दारातच, पदर कानामागं सारून, कान गाडीकडं. फेरी मारली गाडीभवती. मागून ऐकलं, पुढून ऐकलं. "वाजत न्हाई की!" म्हणाल्या, जरा नाराजीनंच. मी उज्वलाची ओटी भरली, लेकीला हात धरून बसवलं, अन तिनं बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. आता काय पाहिजे हो माणसाला?

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. धुरपताबाई! हातात पिशवी, काखेत उशी. "एवढी पाळण्यावानी गाडी हाय म्हणल्यावर मीबी येते. पहिलंच नातवंड. बाळंतीण उठेपर्यंत राहते." अन बसल्या की ह्यांच्या शेजारी! हे आरशातून माझ्याकडं असे बघून राहिले… पार नांदेड येईपर्यंत!

तवापासून हायत. भाजीत मीठ त्या सांगतात, देवघरात फुलं त्या मांडतात, अन माझे डिंकाचे लाडू? निम्मे त्याच खातात, आवडले म्हणून. खाऊ द्या बाई, उज्वला नजरेसमोर हाय, तिच्या पायाची सूज उतरली… चूक देवाची न्हाईच. सगळ्या वाटेनं एवढे नवस बोलले मी, पण "लेक एकटीच येऊ दे" एवढं म्हणायचं राहूनच गेलं बघा… उठते आता. विहीणबाईला दुसरा चहा लागतो.