व्हॅनकाकांना सगळं आधीच कळतं

नाही, थांबा. पॉपकॉर्न कुठे पळून जात नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आहे, त्यातली पाच मला द्या. आत अंधारात माझ्या खांद्यावर बोट टोचायला वेळ होता ना तुम्हाला? मग आता उजेडात बोलू. काय म्हणालात? पुन्हा म्हणा. “अहो, काकांना दिसत नाहीये.” असंच ना? अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं — नाही, हळू नव्हतं! पडद्यावर तेव्हा चिडीचूप होतं, कुणी वेफर चावला तरी कळत होतं, आणि तेवढ्यात तुम्ही माझ्या बाबांबद्दल हे बोललात. ते काका कोण, हे माहीत असून. — आहे हो माहीत! दिवे लागल्या लागल्या मीही तुम्हाला ओळखलं. रोज सकाळी सात-दहाला गेटपाशी डबा हातात घेऊन उभ्या असता, आणि मुलगी मागून एक बूट पायात, एक हातात अशी धावत येते. माझ्या बाबांच्या व्हॅनमधून जाते ती शाळेत. ती आणि आणखी दहा मुलं. आणि उद्या सोमवार. म्हणजे आज संध्याकाळी तुम्ही त्या आयांच्या ग्रुपवर टाकणार, उद्या शाळा बाबांना बोलावून घेणार, आणि परवापासून माझे बाबा घरी खिडकीशी. म्हणून थांबवलंय. भांडायला नाही. — हो, भांडायलाच थांबवलंय, का थांबवू नये?

बरं, त्यांनी केलं काय? बोलले. सिनेमात बोलले. हा काय गप्प बसून बघायचा सिनेमा आहे? दिसतो झकास, त्यात वाद नाही — ते ग्रहाभोवतीचं कडं फुटतं तेव्हा माझंही तोंड उघडंच राहिलं होतं — पण गोष्ट? गोष्ट म्हणजे शाळेचं वेळापत्रक. पहिल्या तासाला नायक बापाशी भांडणार, दुसऱ्या तासाला यंत्रमानव विनोद करणार, तिसऱ्या तासाला पूल तुटणार. एवढे कोट्यवधी ग्रह आणि एकावरही नवी गोष्ट नाही! बाबांनी एकेक आधी सांगितलं. “बघ आता, हा शास्त्रज्ञ खोकणार. खोकला की गेला.” खोकला. गेला. सगळी रांग हसली, तुम्हीसुद्धा. “आता इंधन संपणार.” संपलं. “आता मित्र उलटणार.” उलटला. पुढच्या रांगेतला तो टकल्या मागे वळून म्हणाला, “आजोबा, तुम्हीच लिहिलाय काय?” आणि बाबा म्हणतात, “मी लिहिला असता तर मध्यंतराला तुम्हाला घरी सोडलं असतं.” तोवर सगळ्यांना मजा वाटत होती की! मग एकाएकी हे बोट टोचणं कसलं? दीड तास ज्या सिनेमाला जांभया देत होतात, त्याचा एवढा पुळका कुठून आला? आमच्या घरचा खेळ आहे तो. मी, दादा आणि बाबा, जो आधी सांगेल तो जिंकला. मी लहान असल्यापासून बाबाच जिंकत आलेत.

तुम्हाला वाटत असेल, ही कोण शहाणी. सांगते. पाच वर्षं लांब होते मी, शिकायला. तिकडे दर रविवारी म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात कामाला जायचे. स्वच्छ, उबदार, भिंतींना फिकट पिवळा रंग, आणि खुर्च्या. नुसत्या खुर्च्या. एक सुतार होते तिथे. दिवसभर जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे — रंधा नीट लागलाय का बघत. मुलगा यायचा तेव्हा विचारायचे, “काही काम आणलंस?” प्रत्येक वेळी. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या बापाच्या हातातलं काम कुणाला काढून घेऊ द्यायचं नाही. आणि परत येते तर काय, आमचा दादाच म्हणतो, बाबांची व्हॅन बंद करायची. का रे बाबा? तर म्हणे, “तू आत्ता आठ महिन्यांपूर्वी आलीस, मी रोज बघतोय.” काय बघतोयस ते बोल की! तर मान खाली. मी सोडलं नाही त्याला. म्हटलं, तुला बाप खुर्चीत बसवायचाय, म्हणजे तुझी जबाबदारी संपली. वहिनीसमोर म्हटलं. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी बोलते, पण आधी पातेलं आपटते आणि मग बोलते.

आणि नजरेचं म्हणाल, तर लायसन्स तीन महिन्यांपूर्वी नवं झालंय. मी स्वतः गेले होते बरोबर. तो कारकून वय बघून तोंड वाकडं करायला लागला तेव्हा मी त्याला असलं झापलं, की अख्खी रांग वळून बघायला लागली. म्हटलं, वय काय बघता, वाचायला सांगा ना! तिथे भिंतीवर तक्ता होता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेलं. बाबांनी वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला. शेवटची ओळसुद्धा — जी मला नीट दिसत नव्हती. कारकून म्हणाला, “काका, पोरांना लाजवाल.” काय रुबाबात वळले ते! आणि वाचणारच की, तयारीच तशी केली होती आम्ही. बाबांनीच सांगितलं होतं, आधी जाऊन त्या तक्त्याचा फोटो काढून आण. आठवडाभर रात्री जेवताना मी त्यांना वाचून दाखवायचे आणि ते माझ्यामागून म्हणायचे, पाढे म्हणतात तसे. — काय बघताय अशा? अभ्यास हो. परीक्षेआधी माणूस अभ्यास नाही करत? त्यांना भीती वाटत होती, ऑफिसात गेलं की त्यांची गाळण उडते, आणि मी म्हटलं… मी हसत होते. माझ्या बाबांना या वयात पाठांतर करता येतंय, याचंच मला कौतुक. वहिनी ताट उचलून आत निघून गेली होती, हे मला आत्ता आठवतंय.

पण त्याचा याच्याशी काय संबंध? तुम्ही आतलं बोला. तुम्ही म्हणालात दिसत नाही. मग पूल तुटणार ते कसं कळलं? — हां, पूल तुटायच्या आधी करकरला होता, बरोबर. आणि खोकला, खोकला तर ऐकूच येतो. आणि तो मित्र उलटायच्या आधी ते ढोल वाजायला लागतात… ते सगळ्या सिनेमांत वाजतात. बरं, मान्य. सिनेमाच तसा आहे, डोळे मिटून बसलं तरी समजेल, ही काय बाबांची चूक? पेपर मात्र ते रोज — नाही, पेपर मी वाचते. मोठ्याने. ते म्हणाले होते, तिकडे राहून तुझी जीभ जड झालीय, रोज पहिलं पान वाचून दाखवत जा. मला वाटलं, माझ्यासाठी चाललंय.

थांबा, जाऊ नका. मला एक विचारायचंय. तुम्ही नेमकं कशावरून म्हणालात? — हो. तेच. मला वाटलंच. अख्ख्या सिनेमात एकच गोष्ट होती जी कुणी आधी सांगू शकलं नसतं. सगळा आवाज बंद. पांढरंफटक बर्फ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मधोमध ती सुरुवातीला हरवलेली छोटी मुलगी, लाल कोटातली, पडद्यावर तीन मजले उंच — हात हलवत उभी, आणि मागून ते यान घसरत येतंय. कुणाला वाटलं होतं तिला परत दाखवतील? तुमच्या नवऱ्याच्या हातातून बाटली पडली. मी बाबांचा हात धरला. आणि बाबा म्हणाले, “काय हे, नुसतं बर्फच दाखवतायत कधीचं. माणूस ना काणूस.”

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. त्यांच्याकडे बघितलं तर ते पडद्याकडे सरळ बघतच नव्हते, मान जराशी वाकडी, कोपऱ्याकडे. हल्ली तसंच बघतात ते. माझ्याशी बोलतानासुद्धा माझ्या कानाशी बघून बोलतात — मला वाटायचं, रागावलेत, मी दादाशी भांडले म्हणून. कडेकडेचं दिसतं त्यांना. कपबशी घेतात, जिना उतरतात, येताना गाडी इथवर आणली, खाली खांबांच्या मधून लावली, इकडे घासली नाही की तिकडे. फक्त मधलं… मधोमध कुणी उभं असलं तर… आणि मग तुम्ही बोट टोचलंत. आणि मी वळून तुम्हाला काय म्हणाले? “तोंड सांभाळा.” तुम्ही बोलायच्या आधीच मला कळलं होतं, म्हणून म्हणाले. दुसरं कुणी बोललं नसतं तर मी दिवे लागेपर्यंत ते विसरले असते. खरंच सांगते, विसरले असते. मला जमतं ते.

तुमची मुलगी उतरल्यावर व्हॅनच्या पुढून जाते ना? बाबा सांगतात, सगळी मागून जातात, ही एकटी पुढून जाते, बॉनेटवर थाप मारून. आवाज आला की ते गाडी काढतात. — नाही, रडू नका इथे. तिनं रोज थाप मारलीय, म्हणजे रोज मारलीय. रोज. एखाद्या दिवशी हातात काही असतं तर — मी हे बोलत नाहीये. मी बोलले नाही हे.

तर ऐका. उद्या तिला पाठवू नका. ग्रुपवर काही टाकू नका, बाकीच्यांना मी फोन करते, शाळेतही मीच जाते. दादाकडेही. आज परत जाताना गाडीची किल्लीही मीच घेते. हे माझ्या तोंडून जायला हवं — लायसन्स मी मिळवून दिलंय. आणि बाबांशी कुणी काही बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. निघताना समोर आलात तर नेहमीसारखं हसा फक्त. — नाही, तुमचा हात नकोय मला. सॉरीबिरी काही नको. तुम्ही बरोबर होतात, झालं समाधान? आता जा ना. जा म्हटलं ना. बघत काय उभ्या राहिलात?